'शहाड' अजून चालू होता
माझ्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे असं काही लिहायला बसलो याबद्दल आधीच माफी मागतो. पण तापलेल्या कम्प्युटरच्या धुळीचा वास आला की आमची कल्याणची लॅब समोर उभी राहते. तिथे शहाडच्या एका मित्राने मला शिकवलेलं, की काळ्या स्क्रीनवर कमांड देऊन प्रोग्रॅम बॅकग्राउंडला सोडला, की आपण घरी गेलो तरी तो सर्व्हरवर चालत राहतो. दुसऱ्या कुणी तो 'मारू' नये, म्हणजे बंद करू नये, म्हणून त्याला नाव द्यायचं, आणि आम्ही आपापल्या स्टेशनाचं, वस्तीचं नाव द्यायचो. माझा 'कोपरी', त्याचा 'शहाड'. त्या शुक्रवारी अंगात कणकण असतानाच तो प्रोजेक्टचा प्रोग्रॅम सोडून निघाला. "सोमवारी येतो रे, तोवर कुणाला मारू देऊ नको." सोमवारी तो आला नाही, फोनही बंद. सर्व्हर स्लो झाला तसे लॅबचे सर वैतागले, "काय रे कोपरी, शहाडचा वॉचमन झालास का? मारू का हा?" मी म्हणालो, "राहू द्या ना सर, येईल तो." सकाळी चालू प्रोग्रॅमच्या यादीत 'शहाड' दिसला की वाटायचं, तो कुठेतरी जागाच आहे. गुरुवारी नाव दिसेना. तो येऊन काम उरकून गेला असेल म्हणून मी कॅन्टीनभर त्याला शोधलं. प्रोग्रॅम आपणहून संपला होता. त्याच दुपारी त्याची बहीण लॅबच्या दारात आली आणि म्हणाली, "दादा तापात गेला, रविवारीच."