वेशीपाशी मशाल घेऊन

"ऊभा रहो, भाई," म्हणून काका दोन्ही तळवे पुढे करायचे, की गोष्ट तिथेच थांबायची. पहिल्यांदा असे झाले तेव्हा कंपनीच्या बसच्या ड्रायव्हरने खरोखरच ब्रेक मारला होता.

वासण्याहून नंदेसरीच्या कारखान्यात जाताना ते आम्हाला स्वतः रचलेली गोष्ट सांगत, थोडी मराठीत, थोडी गुजरातीत. तिच्यात दोन राजपुत्र होते. धाकटा राज्य वाचवील आणि थोरला ते जाळील, असे भाकीत त्यांच्या जन्माच्या वेळीच झालेले. थोरला मशाल घेऊन वेशीपाशी आला की तळवे पुढे होत. "इथून तो परत जाऊ शकतो."

"काका, नशिबातच लिहिलंय, तो बिचारा काय करणार?" मागच्या सीटवरचा फिटर डिवचायचा.

"लिहिलेलं तू वाचलंस? मशाल कुणाच्या हातात आहे ते बघ."

धाकट्याचेही त्यांना कौतुक नव्हते. "आपण जिंकणारच हे ज्याला ठाऊक आहे, तो कसला शूर? आधी त्याला भाकीत विसरू द्या, मग बघू." त्यांचे पणजोबा संस्थानच्या फौजेत होते. पण 'हुकूम होता म्हणून केलं' असे घरात कुणी म्हटलेले त्यांना चालत नसे.

प्लांटमध्ये ते ऑपरेटर, मी शिफ्टचा प्रमुख. मी लॉगबुकात सूचना लिहायच्या, त्यांनी वाचून खाली सही करायची, मगच पंप सुरू, अशी पद्धत. एका सकाळी आधीच्या शिफ्टवाल्याने मला सांगितले, टाकीची पातळी दाखवणारा काटा अडकलाय. ते लिहायला मी विसरलो. त्यांनी सही केली, पंप चालू केला आणि टाकी भरून वाहिली. ॲसिडने त्यांचा डावा पाय भाजला.

विसरलो ती चूक होती. पुढचे मात्र मी ठरवून केले. ते दवाखान्यात असताना त्यांच्या सहीच्या वर उरलेल्या चिंचोळ्या जागेत मी बारीक अक्षरात लिहिले: काटा अडकला आहे, पंप सुरू करू नये.

चौकशीत वही त्यांच्यासमोर ठेवली गेली. त्यांनी ती ओळ वाचली. मग माझ्याकडे पाहून टेबलावरचे दोन्ही तळवे जरासे उचलले.

"ही ओळ सहीच्या आधीचीच ना?" मोठ्या साहेबांनी मला विचारले.

"हो," मी म्हणालो.

त्यांची नोकरी गेली. त्यांच्या नशिबात होते, असे मी पुढे कित्येक वर्षे स्वतःला सांगत राहिलो.

एकदा अलकापुरीत झेरॉक्स काढायला गेलो, तर मशीनपाशी स्टुलावर तेच. "या साहेब," म्हणाले. मी विचारले, "थोरल्याचं पुढे काय झालं?"

"वेशीपाशीच उभा आहे."

"इतकी वर्षं?"

"मला घाई नाही. मशाल त्याच्याकडे आहे." त्यांनी माझे कागद नीट जुळवून, टाचणी लावून हातात दिले.

मी तसाच परत आलो. गेल्या महिन्यात ते गेले.

त्या बसमध्ये बसलेल्यांपैकी कुणी हे वाचत असेल, तर त्यांनी ऐकावे: काका न वाचता सही करणाऱ्यांतले नव्हते. त्यांच्या मुलीला मात्र अजून वाटते, की त्यांनी न वाचताच सही केली. ती वासण्यालाच राहते. माझे वय झाले आहे, जिना चढवत नाही, तरी आज संध्याकाळी तिच्याकडे जाणार आहे. सगळे एका कागदावर माझ्या हाताने लिहून खाली सही केली आहे. शेवटची ओळ आणि सही यांच्यामध्ये काही लिहिता येईल एवढी जागा सोडलेली नाही.