पूर्णेच्या पाण्यातलं निळं घर

मोताळ्याहून निघाले तेव्हा थंडीनं बोटं वाकत नव्हती, आणि म्हणे मी चित्र काढायला आलेली. वडनेर भोलजीला चहा घेतला, रिक्षावाल्याशी भाड्यावरून वाद घातला, आणि उन्हं चढायच्या आत पूर्णेच्या काठावर पोचले.

नदी पाहिली नि सगळी कुरकुर विसरले. पलीकडच्या काठावर गाव, मागे सातपुडा. धुक्यात पहिली रांग निळसर, दुसरी राखाडी, तिसरी आहे की नाही कोण जाणे. लांबचं फिकट, जवळचं गडद ठेवलं की कागदावर खोली येते, हे मी शाळेत जन्मभर शिकवलं. इथे ते आयतंच समोर होतं. गावातलं एक निळं घर तेवढं उठून दिसत होतं आणि संथ पाण्यात तसंच उलटं उतरलं होतं. मी अधाशासारखी रंगवत सुटले.

शेळ्या घेऊन एक म्हातारी आली, शेजारी टेकली. पंचफुलाबाई. ते निळं घर तिचंच. धरणाचं पाणी चढणार म्हणून गाव उठलेलं. ती आता लेकाबरोबर अलीकडच्या नव्या वस्तीत राहते. शेळ्या मात्र रोज इथेच आणते, घर दिसतं म्हणून. तिने फडक्यातली कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी नि ठेचा माझ्यापुढे केला. ठेच्याने डोळ्यांत पाणी आलं, त्या गडबडीत ब्रश लागून भाकरी निळी झाली. ती खुदकन हसली.

मग तिने चित्र पाहिलं.

"माह्यं घर आत्ताच काऊन (का) बुडवलं, बाई?"

"बुडवलं नाही हो मावशी. प्रतिबिंब आहे ते. बघा ना, समोर पाण्यात दिसतंय."

"रोजच दिसते. म्हणून तं पान्याकडं पाहाचं होत नाही मले."

चित्रातला सगळ्यात जमलेला भाग तोच होता. जिवावर आलं. तरी ओला ब्रश फिरवला, फडक्याने रंग टिपून घेतला. झाडं, डोंगर पाण्यात राहिले. घराखाली नुसता पांढरट डाग.

"हे घ्या, तुम्हालाच."

तिने हात मागे घेतला. "तुह्यापाशीच राहू दे. तुह्या घरी तं पानी येत नाही ना?"

"नाही," मी म्हटलं.

नाशिकला परतल्यावर चित्र दिवाणखान्यात लावलं. मैत्रिणी विचारतात, सगळं पाण्यात दिसतंय, मग हे घरच कसं विसरलीस? मी विषय बदलते. पावसाळ्यात त्या भिंतीला ओल धरली. जेवता जेवता दिसलं, तशी खरकट्या हातानेच उठले, आणि चित्र काढून आतल्या कोरड्या भिंतीवर लावलं. पाणी येत नाही, असं मी तिला सांगून आले होते.