टिटवीच्या पायांवरचं आभाळ

कालव्याच्या कडेने चालत आम्ही दुसऱ्या पुलापाशी आलो आणि ती म्हणाली, "काकू, फक्त त्या समोरच्या खांबापर्यंत पळते. एकदाच. तुम्ही डोळे मिटा."

"डोळे मिटायला मी काय लपाछपी खेळायला आलेय?" मी तिच्या जाकिटाची बाही घट्ट धरली. "डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या?"

"सपाट रस्त्यावर हळू चालायचं. दुखलं की बसायचं," तिने पाढे म्हटल्यासारखं म्हणून दाखवलं, आणि माझ्या चालीशी चाल जुळवायला पावलं आखूड केली. घोड्याच्या जोडीला म्हैस जुंपावी तसे आम्ही दोघी दिसत असणार. मला धाप लागत होती आणि तिला कंटाळा आला होता. पण तिला एकटीला सोडायची सोय नव्हती. मोकळा रस्ता दिसला की तिचे पाय तिचं ऐकत नाहीत, म्हणून रोज संध्याकाळी तिला 'चालवायला' मी जात होते.

मी मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर. दारं, दिवे, पाणी, दुखणी आणि रुसवेफुगवे हे माझं खातं. मुली मला काकू म्हणतात. ही आमच्या कॉलेजची लांब पल्ल्याची धावपटू. सगळे तिला टिटवी म्हणतात. सरावाहून आली की ती जमिनीवर उताणी पडते, दोन्ही पाय भिंतीला उभे लावते आणि पुष्कळदा तशीच झोपून जाते. टिटवी म्हणे आभाळ अंगावर पडू नये म्हणून पाय वर करून झोपते. तिच्या खोलीतल्या मुलीने गमतीने हे नाव ठेवलं. पुढे पुढे मला त्यातली गंमत वाटेनाशी झाली, कारण आमच्या कॉलेजने खरोखरच आपलं सगळं आभाळ या पोरीच्या पायांवर टेकवून ठेवलं होतं.

तिच्या आईचं इस्त्रीचं दुकान आहे. दुकान कसलं, एका इमारतीच्या जिन्याखालची जागा. वडील मालाची गाडी चालवतात, घरी कमी आणि रस्त्यावर जास्त. लहानपणापासून कपडे पोचवायचं काम हिचं. आईचा दंडक असा, की कपडे गरम असतानाच गिऱ्हाइकाच्या हातात पडले पाहिजेत. गार झाले की लोक म्हणतात, शिळी इस्त्री! मग ही दोन्ही हात पुढे करून त्यांवर कपडे आडवे पसरायची आणि घडी न मोडता जिन्यामागून जिने पळत चढायची. अजूनही पळताना तिचे कोपर अंगापासून जरा लांब असतात, जणू कोणाचा सदरा चुरगळेल. शाळेच्या शर्यतीत पहिली आली तेव्हा आई म्हणाली होती, "रिकाम्या हातांनी पळायचं, त्यात काय अवघड?"

गेल्या हंगामात तिने एक शर्यत अशी जिंकली, की दुसरी आलेली मुलगी वळणावरसुद्धा दिसत नव्हती. त्या दिवशी एक पिकल्या केसांच्या बाई माझ्या खोलीवर आल्या. तरुणपणी स्वतः धावलेल्या, आता धावपटूंचं प्रशिक्षण केंद्र चालवणाऱ्या. चहा घेतला, टिटवीशी बराच वेळ बोलल्या, आणि निघताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हिला घाई करू देऊ नका. लांब पल्ल्याची बाई पंचविशीनंतर पिकते. आत्ता खाऊ दे, झोपू दे, वाढू दे. कॉलेज संपलं की माझ्याकडे पाठवा. पण पाय शाबूत पाठवा."

एवढंच मागितलं होतं त्यांनी. पाय शाबूत. मी रोज देवापुढे हात जोडते तेव्हा मुलींसाठी फारसं मागत नाही, ज्याने जन्म दिला त्याला त्यांची काळजी माझ्याहून जास्त. पण त्या दिवसापासून टिटवीच्या पायांसाठी मात्र एक शब्द जास्तीचा टाकायला लागले.

देवाने ऐकलंही असेल. आमच्या क्रीडाशिक्षकांनी ऐकलं नाही.

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत प्रत्येक शर्यतीला गुण असतात, आणि गुणांच्या बेरजेवर ढाल मिळते. सरांना ढाल हवी होती. मग एवढी सोपी युक्ती असताना चार मुली घडवायच्या कशाला? लांब पल्ल्याच्या जेवढ्या शर्यती, तेवढ्यांत टिटवी. एकीचा घाम वाळायच्या आत दुसरी. संघाची माळरानावरची दौड असते, तिच्यातही तीच. एकच गाय दिसली म्हणून दिवसभर पिळत बसावं, त्यातला हा प्रकार. आणि गाईला निदान चारा तरी घालतात! इथे उलटं. जिमखान्यात एक वजनकाटा आहे. दर आठवड्याला मुलींना सगळ्यांसमोर त्यावर उभं करायचं आणि सरांनी आकडा मोठ्याने वाचायचा. "अर्धा किलो उतरव, मग बघ कशी उडतेस!"

पोरगी ताटातलं अर्धं तसंच ठेवायला लागली. आमचा आचारी मला म्हणाला, "काकू, ही जेवायला बसते की ताटाचा फोटो काढायला?"

मग नडगी दुखायला लागली. सर म्हणाले, बर्फ लाव. लावला. दुखणं राहिलं तिथेच.

माझ्या खोलीत एक लोखंडी कपाट आहे. त्यात मुलींच्या पाळीची पाकिटं असतात आणि किल्ली माझ्याकडे. कोणी दाराआडून लाजत मागते, कोणी व्हरांड्याच्या टोकावरून ओरडून मागते. ती नडगी शेकायला आली होती आणि मी कपाट लावत होते, तेव्हा माझ्या लक्षात आलं, की ही या कपाटापाशी कित्येक दिवसांत आलेली नाही. मी सरळ विचारलं.

ती चक्क हसली. "ते बंद झालंय काकू. कितीतरी महिने झाले. बरंच झालं ना! मैदानावरच्या सगळ्या मुली म्हणतात, ते थांबलं की समजायचं, फॉर्म आला."

"आणि सर?"

"सरांना हे कोण सांगणार? पण ते म्हणतातच, अंग हलकं झालं की मुलींच्या सगळ्या कटकटी जातात."

माझ्या हातातली किल्ली हातातच राहिली. देवाने बाईच्या देहात जे घातलं ते बंद पडलं, आणि पोरी त्याचे पेढे वाटायला निघाल्या! दुसऱ्या दिवशी मी तिला हाडांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई एक्स-रेचा फोटो उजेडापुढे धरून बराच वेळ बघत राहिल्या. मग मलाच विचारलं, "घरात धान्य संपत आलं की आपण काय करतो? आधी पाहुण्यांना येऊ नका म्हणून सांगतो. मग घरच्यांची ताटं कमी करतो. हिच्या शरीराने तेच केलंय. आधी पाळी थांबवली, मग हाडाचा घास काढला." नडगीच्या हाडाला बारीक चीर होती. पळाली तर मोडेल. पोटभर खाल्लं, पळणं थांबवलं, तर सांधेल. "आणि पाळी परत आली," त्या टिटवीला म्हणाल्या, "की समज, शरीर म्हणतंय माझं घर भरलं. तोवर शर्यतीचं नाव काढू नकोस."

डॉक्टरीणबाईंनी हे लिहून दिलेला कागद घेऊन मी जिमखान्यात गेले. काचेच्या कपाटात ढाली, कोपऱ्यात तो काटा, आणि सर शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत बसलेले. त्यांनी कागदाला हातही लावला नाही.

"बाई, डॉक्टरकडे गेलं की ते विश्रांतीच सांगणार. न्हाव्याला विचारलं केस वाढलेत का, तर तो नाही म्हणेल?"

"चीर हाडाला आहे, सर. केसाला नाही."

"आमच्या वेळी आम्ही पट्टी बांधून पळायचो."

"म्हणूनच आता जिना चढताना कठडा धरता का?"

ते लाल झाले. "तुम्ही कुलपं-किल्ल्या सांभाळा. तिच्या पायांचं मी बघतो."

"पाय तुमचे. मग वरची पोरगी कोणाची?"

"हे तिचं शेवटचं वर्ष आहे, बाई! आत्ता नाही पळणार, तर कधी?"

या वाक्याने माझं डोकं फिरलं ते अजून जागेवर आलेलं नाही. कोणाचं शेवटचं वर्ष? ती विशीतली पोर. तिचा बहर यायला अजून पाच-सहा वर्षं आहेत, असं जाणत्या बाई सांगून गेल्या. शेवटचं वर्ष आहे ते तुमचं, तुमच्या काचेच्या कपाटाचं. ढाल मिळाली की पोरगी लंगडत घरी गेली काय आणि पळत गेली काय, तुम्हाला सारखंच. आंब्याच्या झाडाला कैऱ्या लागल्या न लागल्या तोच फांद्या तोडून नेणारा माणूस स्वतःला माळी म्हणवतो, आणि आम्ही सत्काराला त्याच्याच गळ्यात हार घालतो!

मी प्राचार्यांकडे गेले. ते म्हणाले, "खेळाचं सर बघतात." तिच्या आईला फोन केला. ती बिचारी म्हणाली, "काकू, एवढे मोठे सर सांगतात, आम्ही काय बोलणार?" सगळ्यांनी आपापले हात झटकले आणि ओझं पुन्हा त्या दोन पायांवर येऊन पडलं.

त्या संध्याकाळी त्या दुसऱ्या पुलापुढच्या बाकावर आम्ही बसलो. ती दुखतंय म्हणाली नव्हती, पण चाल सांगत होती. स्पर्धा तोंडावर आली होती. बसल्या बसल्या तिची नजर रस्त्यावरच. मग हळूच म्हणाली, "सरांनी आज बोलावलं होतं."

"काय म्हणाले?"

"सगळ्या शर्यती नकोत, म्हणाले. एकच पळ. एकीने ढाल येते." ती नडगीवरून हात फिरवत राहिली. "आणि म्हणाले, खेळाडूंच्या कोट्यातली खोली खेळणाऱ्यांसाठी असते."

"खोलीचं मी बघते. माझ्या खोलीत एक खाट जास्तीची आहे, ती काय सरांच्या तीर्थरूपांनी दिलेली नाही."

ती हसली, पण हसणं टिकलं नाही. "काकू, खोलीची भीती नाही वाटत. माझीच वाटते. शिट्टी वाजली ना, की मला डॉक्टरीणबाई आठवणार नाहीत. तुम्हीपण नाही. मला माहितेय. परवापासून मी ठरवते, पळायचं नाही, आणि सकाळी उठून बघते तर बॅग भरलेली."

तेव्हा माझं लक्ष तिच्या पाठीवरच्या पिशवीकडे गेलं. फिरायला येताना पिशवी कशाला, हे मी विचारलंच नव्हतं. तिने ती मांडीवर घेतली, चेन उघडली आणि शर्यतीचे बूट बाहेर काढले. खाली खिळे असलेले, नाडीने एकमेकांना बांधलेले, जुन्या ओढणीच्या तुकड्यात नीट गुंडाळलेले. त्या खांबापर्यंत पळायचं, ते ती थट्टेत म्हणाली नव्हती.



तिने ओढणीची घडी मोडू नये अशा बेताने बूट दोन्ही हातांवर आडवे घेतले आणि माझ्यापुढे धरले.

"हे तुमच्या कपाटात ठेवा. त्या पाकिटांच्या मागे. मी मागितले तरी देऊ नका, रडले तरी देऊ नका, सर स्वतः आले तरी देऊ नका. मी पाकीट मागायला येईन ना, काकू, त्या दिवशी दोन्ही एकदम द्या."