टाकी दिसत नव्हती

नोकरीत हाताळलेले बरेचसे गुन्हे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. कलम आठवतं तर आरोपीचा चेहरा आठवत नाही, चेहरा आठवतो तर साल आठवत नाही. त्या धुक्याच्या सकाळचं मात्र तसं झालं नाही. तिचा प्रत्येक तास मी आजही सांगू शकतो.

तेव्हा मी हैदराबादच्या वेशीवरच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. थंडीचे दिवस होते. सकाळची हजेरी चालू असताना कंट्रोल रूमचा फोन आला. ठाण्याच्या हद्दीतल्या खडकाळ टेकडीवर काहीतरी कोसळलं होतं, आवाज दोन गावांत ऐकू गेला होता. आम्ही जीप काढली. धुकं इतकं दाट होतं की पुढे एक शिपाई पायी चालत ठेवावा लागला. टेकडीजवळ पोहोचलो तेव्हा आधी इंधनाचा वास आला, मग हेलिकॉप्टर दिसलं. वैमानिक जागीच गेला होता. मागे बसलेला प्रवासी, शहरातला एक व्यापारी, शुद्धीवर होता, पण त्याचे दोन्ही पाय मोडले होते.

पंचनामा झाला, निष्काळजीपणाने मृत्यूचा गुन्हा दाखल केला. यंत्रात बिघाड होता का, हे पाहायला केंद्राचे तपास अधिकारी आले. ते त्यांचं काम. त्यांच्यातल्या एका वयस्कर अधिकाऱ्याने मला सोप्या शब्दांत समजावलं. "ढगात शिरलं की जमीन आणि आकाश वेगळं कळत नाही. शरीर सांगतं आपण सरळ आहोत, आणि यंत्र तिरपं झालेलं असतं. अशा वेळी चांगला वैमानिकही फसतो. त्यातून वाचायचा खात्रीचा उपाय एकच, अशा हवेत उडायचंच नाही."

मग तो का उडाला, हे शोधणं माझं काम होतं.

ज्या खाजगी हेलिपॅडवरून उड्डाण झालं, तिथल्या व्यवस्थापकाने हवामानाचं रजिस्टर पुढे केलं. हेलिपॅडपासून लांब एका वसाहतीची पाण्याची टाकी आहे. ती स्पष्ट दिसली तरच उड्डाण करायचं, असा तिथला नियम होता. रजिस्टरमध्ये लिहिलं होतं, टाकी स्पष्ट दिसते. हेच विमानतळाच्या नियंत्रण कक्षाला कळवलं होतं आणि त्यावर परवानगी मिळाली होती. व्यवस्थापक म्हणाला, "वर गेल्यावर धुकं आलं असेल. परत फिरायला हवं होतं त्याने. शेवटचा निर्णय वैमानिकाचाच असतो, साहेब."

कायद्याने ते खरंही होतं. आणि वैमानिक उत्तर द्यायला नव्हता.

चौथ्या दिवशी त्याचे वडील ठाण्यात आले. शहरातल्या तारनाक्याला राहणारे, रेल्वेत इंजिन ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. माझ्या टेबलावरची नावाची पाटी वाचून मराठीत बोलू लागले.

"तुम्ही मराठी आहात म्हणून विचारतो. पेपरात आलंय, वैमानिकाच्या चुकीने अपघात. तसं असेल तर तसं सांगा. पण तपास करून सांगा."

मी त्यांना बसवलं. ते म्हणाले, "आमच्या वेळी धुकं पडलं की सिग्नलच्या अलीकडे रुळावर फटाके बांधायचे. चाकाखाली फुटले की समजायचं, पुढे सिग्नल आहे, गाडी आवरा. मला दिसलं नाही तरी कोणीतरी सांगत होतं. याला वर सांगणारं कोण होतं?"

मी त्यांचा पत्ता लिहून घेतला.

त्यानंतर दोन दिवसांनी एक माणूस लायसन्स हरवल्याचा अर्ज घेऊन आला. अर्ज लिहून झाला, पोचही मिळाली, तरी तो बाकावरून उठेना. ज्याला खरं काही सांगायचं असतं तो बहुधा दुसरंच काम घेऊन ठाण्यात येतो, हे मी नोकरीच्या पहिल्या काही वर्षांतच शिकलो होतो. मी त्याला आत बोलावलं. तो हेलिपॅडवर आग विझवण्याच्या गाडीवर कामाला होता.

"साब, उस दिन टाकी दिकरीच नई थी," तो खाली बघत म्हणाला. "हमकू तो सामने का गेट नई दिकरा था. रजिस्टर बाद में लिखे, साब. मेरा नाम नक्को लेना."

त्याचं नाव मी तेव्हा तपासाच्या कागदांत लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकाला चौकशीला बोलावलं.

तीन दिवस तो तेच सांगत राहिला, आणि अगदी त्याच शब्दांत. खरं सांगणारा माणूस दर वेळी थोडं वेगळं सांगतो, मध्येच काही आठवून मागे जातो. पाठ केलेला माणूस स्वल्पविरामही चुकवत नाही. मी आवाज चढवला नाही. फक्त विचारलं, "टाकी कोणी पाहिली?"

"मी स्वतः."

"कुठून?"

"ऑफिसच्या खिडकीतून. माझ्या खुर्चीतून दिसते."

मी तो जबाब लिहून घेतला, त्याची सही घेतली आणि दोन पंचांसह त्याला जीपमध्ये बसवून हेलिपॅडवर नेलं. त्या दिवशी लख्ख ऊन होतं. त्याला त्याच्या खुर्चीत बसवलं आणि म्हणालो, "दाखवा."

खिडकीसमोर हेलिकॉप्टर ठेवायची पत्र्याची मोठी शेड होती. टाकी तिच्यामागे होती. त्या खुर्चीतून ती निरभ्र आकाशातही दिसत नव्हती.

मग त्याने पाणी मागितलं, आणि बोलायला लागला. मी त्याचं सांगणं पंचनाम्यात लिहून घेतलं आणि नंतर प्रत्येक गोष्टीला दुसरा पुरावा शोधला, कारण पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात टिकत नाही.

व्यापाऱ्याच्या गावी मंदिराच्या कळसाचा मुहूर्त होता. सकाळी वैमानिक बाहेर जाऊन टाकीच्या दिशेने बघून आला आणि नाही म्हणाला. अर्ध्या तासाने व्यवस्थापकाने परत विचारलं, वैमानिक परत नाही म्हणाला. मग व्यापारी स्वतः त्याच्याजवळ गेला. आणि व्यवस्थापक सगळ्यांसमोर म्हणाला, "तुम्हाला जमत नसेल तर तसं सांगा, दुसऱ्या वैमानिकाला बोलावतो. त्याने गेल्या आठवड्यात अशाच हवेत नेलं होतं."

"मग वैमानिक काय म्हणाला?" मी विचारलं.

"काही नाही. हेल्मेट उचललं."

व्यापाऱ्याचा जबाब मी हॉस्पिटलमध्ये घेतला. त्याने काही लपवलं नाही. "मी एवढंच म्हणालो की सगळं गाव वाट बघतंय. मी जबरदस्ती केली नाही, साहेब." मग तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "पण तो नाही म्हणाला होता, ते मी ऐकलं होतं."

हस्ताक्षर तज्ज्ञांनी सांगितलं की रजिस्टरमधली त्या सकाळची ओळ आजूबाजूच्या नोंदींच्या शाईतली नाही. आग विझवणारा तो माणूस पुढे आपणहून साक्षीदार झाला. व्यवस्थापकावर आरोपपत्र गेलं. मी निवृत्त झालो तेव्हा खटला चालू होता.

आरोपपत्र दाखल झाल्यावर मी साध्या कपड्यांत तारनाक्याला गेलो. सरकारी काम काही नव्हतं. वैमानिकाच्या वडिलांना सगळं सांगितलं. दोनदा नाही म्हणाला, हेही सांगितलं. वाटलं, म्हाताऱ्याला तेवढा आधार होईल.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"दोनदा म्हणाला," ते म्हणाले. "तिसऱ्यांदाही म्हणायला हवं होतं."

आतल्या खोलीत भांडी घासणाऱ्या त्यांच्या सुनेचा, वैमानिकाच्या बायकोचा, हात थांबल्याचं मला जाणवलं. भांड्यांचा आवाज बंद झाला होता. वडिलांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "पण दोनदा म्हणाला, हे सांगायला आलात. बरं केलंत."

या तपासाने मला शिकवलं ते गुन्हेगारांबद्दल नव्हतं. त्या सकाळी हेलिपॅडवर कोणीच वाईट माणूस नव्हता. कोणी हुकूमही दिला नव्हता. ज्याला धोका दिसत होता त्याला सगळ्यांसमोर भित्रा ठरवलं गेलं, एवढंच. आणि हे मी स्वतः हाताखालच्या माणसांशी किती वेळा केलं होतं, ते मोजायला गेलो तर मान खाली जाते.

पुढच्याच थंडीत एका मोठ्या बंदोबस्ताला पहाटे निघालो होतो. रिंग रोडवर धुकं उतरलं. चालकाने वेग कमी केला आणि चाचरत म्हणाला, "साब, दिकरा नई."

मी त्याला गाडी कडेला घ्यायला सांगितली. आम्ही दिवे लावून ऊन येईपर्यंत बसून राहिलो. बंदोबस्ताला उशीर झाला, वरिष्ठांचा मेमो आला. उशिराचं कारण लेखी मागितलं होतं. मी एकच ओळ लिहिली: चालकाने रस्ता दिसत नसल्याचे सांगितले.