चांदीचं पाणी आणि एक थेंब काळा

थोरल्या जाऊबाईंचा मला हेवा वाटायचा. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना कोणी मला साधीभोळी समजणार नाही. आमची घरं एकाच मजल्यावर, दारासमोर दार. त्यांची बेल वाजली की मी आमच्या दाराच्या भोकातून बघायची. कोणाचा घसा बसलेला, कोणाचे डोळे आलेले, कोणाच्या पायाची जखम भरत नाही. सगळे माझ्या दाराकडे पाठ करून उभे.

एवढं काय होतं ताईंकडे? तर चांदीचं पाणी. विकतच्या बाटलीवर कोलॉइडल सिल्व्हर लिहिलेलं असतं, ताई ते घरी करायच्या. फोनवर कोणाचं तरी बघून शिकल्या. काचेचा ग्लास, दोन चांदीच्या तारा, तीन बॅटऱ्या. पाणी पिवळसर झालं की गाळून तपकिरी बाटलीत भरायचं. त्यांचा धंदा पडदे शिवण्याचा, त्यामुळे हा सगळा कारखाना शिलाई मशीनच्या शेजारी मांडलेला असे.

मापाच्या बाबतीत मात्र बाई पक्की. मोजल्याशिवाय कापड कापायचं नाही, आणि मोजल्याशिवाय चमचा द्यायचा नाही. वहीत प्रत्येकाचं नाव आणि पुढे चमचे. हे माप ठरवलं कोणी, असं मी एकदा विचारलं. तर म्हणाल्या, "माणूस बघितला की अंदाज येतो गं." खिडकी बघून पडद्याचा येतो, तसा.

सासूबाई त्यांच्याकडेच राहायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "थोरली या घरात आली तेव्हा उजेड पडला." ताई गोऱ्यापान. मी आले तेव्हा काय पडलं, हे मला आजवर कोणी सांगितलेलं नाही.

मी रंगाच्या दुकानात कामाला आहे. लोक जुन्या भिंतीचा टवका कागदात बांधून आणतात, मी पांढऱ्यात थेंब टाकत तोच रंग काढून देते. दुकानात मशीन आहे, पण मशीन चुकलं की मालक मलाच हाक मारतात. दोन पांढऱ्यांतला फरक मला लांबून दिसतो. पण पिकतं तिथे विकत नाही. आमच्या घराला रंग काढायचा ठरला, तेव्हा सासूबाईंनी विचारलं ताईंना. त्यांनी पिस्ता सांगितला. गेली चार वर्षं मी त्या पिस्त्याकडे बघत जेवते आहे.

ताईंच्या दोन सवयी होत्या. नवीन बाटली भरली की आधी स्वतः चार चमचे घ्यायच्या आणि एक दिवस थांबायच्या. "लोकांना देते मी. माझ्या अंगावर आधी बघायला नको?" दुसरी सवय याहून भारी. बाटली जुनी होऊन पाणी गढूळ झालं की ते फेकायचं नाही. "चांदी मोरीत कशी ओतू?" म्हणायच्या आणि उरलेलं सगळं ग्लासात ओतून पिऊन टाकायच्या. लोक पडसं असेल तेवढे दिवस एखादा चमचा घेत. ताई वर्षाचे बारा महिने घेत होत्या, आणि दोन दोन मापांनी.

एका दुपारी मी त्यांच्याकडे सुईदोरा मागायला गेले. खिडकीपाशी बसून त्या पडद्याला दुमड घालत होत्या. हातावर ऊन होतं. नखांच्या मुळाशी मला राखाडी झाक दिसली. पांढऱ्याच्या डब्यात काळ्याचा एक थेंब पडला की होतो, तसा रंग. दुसऱ्या कोणाला तो पांढराच वाटला असता.

दुकानाशेजारच्या औषधवाल्याला मी सहज म्हणून विचारलं. तो म्हणाला, "त्या पाण्याने काही बरं होतं याला पुरावा नाही. पण चांदी अंगात साठते. कातडीत उतरली की निघत नाही. कोण घेतंय? आजच बंद करायला सांगा."

सांगायचं ठरवूनच घरी आले. ताईंचं दार उघडं होतं. माझी लेक त्यांच्या मांडीवर बसून तोंड उघडत होती आणि सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, "हिच्या आईला कुठलं आलंय हे? ती आपली डब्यांत काठ्या फिरवते." शेजारीण हसली. ताई हसल्या नाहीत, हे मला आज आठवतं. तेव्हा दिसलं नव्हतं.

मी लेकीला उचलून घरी आणलं. "पुन्हा ते पाणी प्यायलीस तर बघ," असा दम भरला. नवरा घशासाठी त्याच पाण्याच्या गुळण्या करायचा, त्याही बंद केल्या. माझ्या घरापुरतं मी सगळं केलं. समोरच्या दारात गेले नाही.

एरवी माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. पण पाच महिने मूग गिळून बसले. रोज बघायची. नखांवरून झाक हिरड्यांवर आली, मग ओठांवर, मग कपाळावर. दोन थेंब. चार थेंब. मनात यायचं, होऊ दे थोडी सावळी, तेवढाच तो उजेड कमी होईल. असं मी म्हटलं होतं, मनातल्या मनात का होईना. आज लाज वाटते, पण तेव्हा बरं वाटत होतं.

मग ताईंना चष्म्याचा नंबर काढायचा होता. सोबत सासूबाई आणि मी. दवाखान्यात नर्सने त्यांचे ओठ बघितले आणि धावत चाकाची खुर्ची आणली. नाकाला नळी, बोटाला चिमटा. चिमट्यावर ऑक्सिजन अठ्ठ्याण्णव. श्वास उत्तम, नाडी उत्तम, आणि बाई राखाडी. डॉक्टरीणबाईंनी त्यांना खिडकीपाशी नेलं आणि विचारलं, "चांदीचं काही घेता का?"

ताईंनी पर्समधून वही काढून दिली. डॉक्टरीणबाईंनी ती वाचून मिटली.

"पाणी आजपासून बंद. लोकांना देणंही बंद. पण चढलेला रंग आता जायचा नाही. चार-पाच महिने आधी थांबवलं असतं, तर चेहरा वाचला असता."

बाहेर बाकावर आम्ही तिघी बसलो. सासूबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "आम्हाला कळलं कसं नाही गं? रोजच्या बघण्यातलं माणूस."

"तुम्हाला नसेल कळलं, आई," ताई म्हणाल्या. "हिला कळलं असणार. या घरात नजर असलेली हीच एकटी. आपल्या भिंतींच्या वेळीसुद्धा मी म्हटलं होतं ना, धाकटीला विचारा. तुम्हीच ऐकलं नाही."

ताई माझ्याकडे वळल्या. "तुला कधी दिसलं?"

खोटं बोलता आलं असतं. पण त्या राखाडी चेहऱ्यासमोर जीभ वळली नाही.

"पाच महिने झाले," मी म्हटलं. "नखांवर दिसलं होतं."

ताईंनी हात पुढे धरून आपली नखं बघितली, बराच वेळ. मग हात मांडीवर ठेवले.

"सांगायचं होतंस गं," त्या म्हणाल्या. "तुझं मी ऐकलं असतं."