दिवेलागणीचे विरजण

भंडाऱ्यात माणसाने राहावे असा एकही मोहल्ला नाही, हे भंडाऱ्यात एक रात्रही न काढता ज्यांनी सिद्ध केले, ते आमचे फुफाजी. फुफाजी म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, राहणार शहापूर. शहापूर मोठ्या रस्त्यावर आहे, एवढ्या आधारावर त्यांना सगळ्या जगाची माहिती होती. "अर्धं नागपूर माह्या दारावरून जाते," असे ते म्हणत, आणि त्या अर्ध्या नागपूरविषयी त्यांचे मत काही चांगले नव्हते. मी आमच्या घरातला कॉलेजात गेलेला पहिलाच मुलगा. मोठ्या माणसांविषयी असे लिहावे की नाही हे मला अजून नीट कळत नाही. पण त्या उन्हाळ्याचा राग गेलेला नाही, म्हणून लिहितो.

गोष्ट साधी होती. आमच्या गावची शाळा सातवीपर्यंत. धाकटी बहीण कुसुम सातवी पास झाली, तीही पहिल्या नंबराने. मी भंडाऱ्याला एका खोलीत चौघांबरोबर राहत होतो. बाबांनी ठरवले की शहराच्या कडेला दोन खोल्या घ्यायच्या, आई, कुसुम आणि मी तिथे राहायचे, आणि त्यांनी शेतीसाठी गावीच राहून आठवड्याला सायकलने यायचे. एवढे मोठे पाऊल त्यांनी कसे उचलले याचे मला नवल वाटते. पण लगेच ते म्हणाले, "पाहुणे ज्या मोहल्ल्याले हो म्हणतीन, तिथंच जाऊ." घरच्या जावयाचा शब्द बाबांनी कधी मोडला नव्हता. म्हणजे कुसुमची आठवी आता फुफाजींच्या पसंतीवर लटकली.

त्या सुमारास शहराबाहेर धानाच्या बांध्या मोडून लेआउट पडत होते. पांढरे दगड, मधे मुरमाचा रस्ता, इकडेतिकडे चार नवी घरे. पहिल्याच लेआउटमध्ये फुफाजी उकिडवे बसले, ढेकूळ उचलून हुंगले आणि म्हणाले, "इथं धान होते, बाप्पा." घरमालक म्हणाला, "होते. आता प्लॉट आहे." "तुह्यासाठी प्लॉट आहे. मातीले सांगितलं का?" झाले, ते घर गेले. त्या घराला नळ होता, दोन खिडक्या होत्या आणि मुलींची शाळा दहा मिनिटांवर होती! दुसऱ्या ठिकाणी फाटकावर पाटी होती, कुत्र्यापासून सावध राहा. फुफाजी फाटकाशी काठी घेऊन तयारीत उभे राहिले. कुत्रा येईना. शेवटी मालकीणबाईच बाहेर आल्या आणि त्यांनी कबूल केले की कुत्रा नाही. फुफाजी इतके भडकले की मला त्यांचा हात धरावा लागला. "कुत्रा नाही अन् पाटी आहे! जो मोहल्ला कुत्र्याविषयी खोटं बोलते, तो माणसाविषयी काय खरं बोलणार?" तिसऱ्या मोहल्ल्यात सकाळी एक पेन्शनर गृहस्थ झपाझप चालले होते. फुफाजींनी त्यांना थांबवले. "कुठी जाऊन राहिले?" "फिरायला." "हो, पण कुठी?" "कुठेच नाही." ज्याला कुठे जायचेच नाही त्याच्या शेजारी कायले राहायचे, असा निकाल देऊन फुफाजी शहापूरच्या गाडीत बसले. मी स्टँडवर उभा राहून दात ओठ खात होतो.

आणि या सगळ्यातून एखादा मोहल्ला वाचलाच, तर पुढे विरजणाची परीक्षा होती. फुफाजींच्या पिशवीत एक पितळी वाटी असे. ती घेऊन ते दिवे लागल्यावर शेजारच्या घरी जात आणि दही लावायला चमचाभर विरजण मागत. आता दिवेलागणीनंतर आपल्याकडे कोणी घरातले दही बाहेर देते का? लक्ष्मी जाते म्हणतात. तीन ठिकाणी तीन बायांनी नाही म्हटले आणि तीन घरे गेली. मी हिंमत करून म्हणालो, "फुफाजी, आपल्या गावातबी या वेळेस कोणी देत नाही."

"आपल्या गावात मले मांगाचं कामच काय?"

"मग दिवसा मांगा ना."

"दिवसा कोणीबी देते. अडचणीले देते तो शेजारी. तुही माय इथं एकटी राहीन, तुले समजते का काही? कॉलेजात हेच शिकवते का?"

जुलै उजाडला. शाळेच्या मोठ्या बाईंनी सांगितले की सोमवारपर्यंत नाव घाला, नंतर जागा नाही. शनिवारी कुसुम शाळा पाहायला म्हणून आमच्याबरोबर आली. उरलेले शेवटचे घर पाहता पाहता दिवे लागले, आणि फुफाजींनी पिशवीत हात घातला. मग मात्र माझा तोल गेला. आयुष्यात पहिल्यांदा मी मोठ्या माणसावर ओरडलो. "तुमच्या एका चमचा दह्यापायी हे पोट्टी जन्मभर घरी बसन! काहून असं करता?" फुफाजींचा चेहरा पडला. वाटी तशीच हातात राहिली.

कुसुमने ती त्यांच्या हातून घेतली आणि सरळ कोपऱ्यावरच्या घरात गेली. आम्ही रस्त्यावर उभे. आतून आवाज आला, "नाही माय, दिवा लागला. आता दही नाही देत मी." तोच ती बाई दारात आली. "पण असं कर, तुह्यं दूध इथंच घेऊन ये. माह्याच चुलीजवळ लावून ठेवतो. सकाळी घेऊन जाजो."

फुफाजी बघतच राहिले. विरजण दिले नव्हते, आणि नाहीही म्हटले नव्हते. अशा उत्तराची त्यांनी कधी सोयच केली नव्हती. "हे काही बरोबर नाही," असे ते दोनदा पुटपुटले. मग म्हणाले, "बाई हुशार आहे. घ्या खोल्या."

सोमवारी कुसुमचे नाव घातले. सामान आणले त्या दिवशी फुफाजी मुद्दाम मुक्कामाला राहिले. सकाळी त्या बाईकडचे दही आले, तेव्हा ते चाखून म्हणाले, "आंबट आहे," आणि वाटी पुसून घेतल्यासारखी साफ केली.

कुसुम आता दहावीत आहे. आत्या मागच्या वर्षी गेली. फुफाजींना गाडीची पायरी चढवत नाही, म्हणून ते येत नाहीत. शहापूरला मोठ्या रस्त्याच्या कडेने दुकाने झाली. फुफाजींच्या आजूबाजूची घरे विकून लोक कुठे कुठे गेले. मागच्या रविवारी त्या बाईने लावलेले दही मी डब्यात घालून शहापूरला नेले. गाडीत अर्धे सांडले. मी परीक्षेचे सांगत होतो, पण फुफाजींचे लक्ष डब्याकडे. त्यांनी दोन घास खाल्ले, मग चमचाभर दही त्याच पितळी वाटीत काढून झाकून ठेवले.

"हे कायले?" मी विचारले.

"राहू दे. कोणी मांगाले आलं तर."

बाहेर दिवे लागले होते. रस्त्यावरून ट्रक जात होते, एकामागून एक. फुफाजी दाराकडे तोंड करून बसले होते. मला शेवटची गाडी धरायची होती, पण बराच वेळ उठवेना.