संशोधनाच्या पैशाला हात लावू न देणाऱ्या शरयूताई

शरयूताई आपटीकरांची आणि माझी पहिली भेट भांडणात झाली. भांडण त्यांच्याशी नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. भुसावळहून बदली होऊन मी नुकताच झाशीच्या रेल्वे ऑफिसात रुजू झालो होतो. इलाइट चौराह्यावर एका ई-रिक्षावाल्यानं माझ्या स्कूटरला घासून रिक्षा काढली आणि मी रस्त्याच्या मधोमध उभा राहून त्याचा उद्धार करत होतो. राग चढला की माझं हिंदी सुटतं. अस्सल खानदेशी मराठी तोंडातून बाहेर पडत असतानाच मागून कुणी तरी म्हणालं, "झालं का पोटभर? मग इकडे या. घरात वाढतं मूल आहे का?"

वळून पाहिलं तर सुती साडी, पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट आणि हातात पत्र्याचा डबा अशा एक उंच बाई उभ्या होत्या. डब्यावर हिंदीत रंगवलं होतं, 'बच्चों की हड्डी का कैंसर : शोध के लिए सहयोग'. मी गांगरून म्हणालो, मुलगा आहे, सातवीत.

"पाय दुखतो म्हणतो का कधी?"

"खेळून आला की म्हणतो."

"दोन्ही की एकच? रात्री झोपेतून उठतो? सूज दिसते? मालिश करता की काय?"

भर चौकात एका अनोळखी बाईंनी माझ्या मुलाच्या गुडघ्यांची अशी उलटतपासणी घेतली. शेवटी म्हणाल्या, "साधंच दिसतंय. पण दुखणं राहिलंच तर चोळत बसू नका, सरळ एक्स-रे काढा." आणि डबा माझ्यापुढे धरला. मी मुकाट्यानं पैसे टाकले. रिक्षावाला तोवर केव्हाच पसार झाला होता.

ताईंच्या पंच्याहत्तरीचा हा गौरवग्रंथ झाशीबाहेरही वाचला जाणार म्हणून थोडी ओळख करून देतो. आपटीकरांचं घराणं पेशवाईत पूजाअर्चेसाठी इथे आलं आणि इथलंच झालं. ताईंच्या मराठीत आम्ही विसरलेले जुने शब्द आहेत आणि वाक्याला बुंदेली हेल आहे. मला त्या 'सदाभाऊजी' म्हणतात. एकट्या भाऊनं त्यांचं भागत नाही, 'जी' लागतोच. आयुष्यभर त्यांनी इथल्या एका शाळेत खेळ शिकवला. त्यांच्या हाताखाली धावलेली मुलं आज आजोबा झालीत, तरी रस्त्यात ताई दिसल्या की पोट आत घेऊन ताठ उभी राहतात. मी हे डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

या कामाचं मूळही मैदानातच आहे. अनुज नावाचा त्यांचा एक विद्यार्थी होता. शर्यतीत सगळ्यांच्या पुढे. एका हिवाळ्यात तो गुडघा दुखतो म्हणायला लागला. ताईंनी मलम चोळलं, क्रेप बँडेज बांधलं आणि सांगितलं, "दौड़ेगा तो खुल जाएगा." तो गुणी मुलगा महिनाभर तसाच धावला. ते हाडाच्या कॅन्सरचं दुखणं होतं. कळलं तेव्हा आजार फुप्फुसांपर्यंत गेला होता आणि अनुज वाचला नाही.

ही हकिगत मी कुठून शोधून काढलेली नाही. ताई प्रत्येक सभेत ती स्वतः सांगतात, आणि सुरुवातच तिनं करतात. झाशीतल्या आमच्या मराठी मंडळातल्या काहींना ते आवडत नसे. मी एकदा म्हणालोही, "ताई, कशाला स्वतःची बदनामी करून घेता? खेळाच्या दुसऱ्या कुठल्याही शिक्षकानं हेच केलं असतं." त्या म्हणाल्या, "म्हणूनच सांगते. मी उपदेश करायला लागले की बाया घड्याळ बघतात. माझी चूक सांगितली की घरी जाऊन पोराचे पाय बघतात." तो विषय मी तिथेच सोडला. मी विषय सोडण्याचे प्रसंग फार थोडे आहेत, हे मंडळातले लोक सांगतीलच.

त्यांची कामाची पद्धत बघायची असेल तर संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जावं. झाशीत आम्ही मराठी मूठभर. त्यामुळे आमच्या हळदीकुंकवाला शेजारच्या गुप्ताइन, साहूइन, तिवारीजींची सून, सगळ्या येतात आणि वाण हक्कानं मागून नेतात. एके वर्षी ताईंनी वाट्या, डब्या, कंगवे सगळं बंद केलं. प्रत्येकीच्या ओटीत शिंप्याची मोजायची टेप टाकली. बायकांनी नाकं मुरडली. ताई पंचपाळं हातात धरूनच म्हणाल्या, "घरी जा, पोरांना ओळीनं उभं करा आणि दोन्ही गुडघे मोजा. एक जाड, एक बारीक निघाला आणि दुखतही असेल, तर मालिशवाल्याकडे नाही, डॉक्टरकडे." त्या रात्री झाशीतल्या बऱ्याच पोरांचे पाय मोजले गेले असणार. पुढच्या वर्षी ज्यांना टेप मिळाली नाही त्या रुसल्या.

जमलेला पैसा मात्र त्या मुंबईतल्या संशोधकांच्या एका गटाला पाठवतात. मुलांच्या हाडांच्या कॅन्सरवर नवं औषध शोधायचं काम तो गट करतो. एकदा त्यातले एक तरुण डॉक्टर झाशीला आले. बिचाऱ्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, की इतके दिवस ज्या औषधावर मेहनत घेतली ते निरुपयोगी ठरलं. आमचेच पैसे पाण्यात गेल्यासारखे सभागृहातल्या सगळ्यांचे चेहरे झाले. टाळी वाजवली ती एकट्या ताईंनी. "म्हणजे हा रस्ता बंद आहे एवढं कळलं. आता या वाटेनं दुसरं कुणी जाणार नाही. बेटा, पुढचा रस्ता कोणता ते सांग." त्या डॉक्टरांचा चेहरा असा काही खुलला म्हणता!

आता ज्या प्रसंगासाठी मी हा लेख लिहायला घेतला, तिकडे येतो.

लक्ष्मी गेटला राहणाऱ्या एका बाईंनी वाणाची टेप नेली होती. त्यांची बहीण पुष्पा झाशीजवळच्या मऊरानीपुरहून मुलीला घेऊन आली. मुलगी बारा वर्षांची, नाव रिंकी. मावशीनं सहज गुडघे मोजले आणि एक स्पष्ट जाड निघाला. मऊरानीपुरला त्यावर मालिश सुरू होती. मावशीनं त्याच दिवशी ताईंचं घर गाठलं, ताईंनी डॉक्टर गाठले आणि निदान लवकर झालं. कॅन्सरच होता, पण पसरलेला नव्हता. मुंबईला नेलं तर मुलगी वाचेल अशी आशा डॉक्टरांनी दिली. रिंकीचे वडील महेश भैया धान्याच्या आडतीत पोती मोजायच्या कामाला. उपचारांच्या खर्चाचा काही भाग सरकारी योजनेतून निघणार होता. उरलेला खर्च, महिनोन्‌महिने मुंबईत राहणं, हे त्यांच्या आवाक्याबाहेरचं होतं.

आणि आमच्याकडे वर्षभराचा जमलेला फंड होता. मुंबईच्या संशोधकांना पाठवायचा, पण अजून पाठवलेला नव्हता.

मंडळाची बैठक भरली. सगळ्यांचं एकच म्हणणं, हा पैसा रिंकीला द्या. ताई म्हणाल्या, "नाही."

मी भडकलो. आजही मला वाटतं माझा राग रास्त होता. "पैसा बँकेत आहे आणि पोर समोर आहे," मी ओरडलो. "ताई, हा कुठला न्याय? संशोधन काय, पुढच्या वर्षी होईल!"

"ज्यांनी दिला त्यांनी संशोधनासाठी दिलाय, सदाभाऊजी."

"त्यांना मी समजावतो! एक जण नाही म्हणायचा नाही."

"नाही म्हणणारच नाही कुणी. तीच तर अडचण आहे. आज रिंकी आहे, पुढच्या वर्षी आणखी कुणी असेल, आणि दर वेळी ते मूल आपल्या ओळखीचं असेल. ओळखीच्या मुलाला सगळे आहेत. जे अजून आजारी पडलेलं नाही, त्याच्या बाजूनं कोण बोलणार? रिंकीचे पैसे मी वेगळे आणते."

"आणि नाही जमले तर?"

ताईंचा चेहरा उतरला. हलक्या आवाजात म्हणाल्या, "तर माझ्यामुळे अनुज गेला तशी रिंकी गेली, असं मी मरेपर्यंत समजेन. पण या पैशाला हात लावू देणार नाही."

मी ताडकन उठून बाहेर पडलो. दगडाच्या काळजाची बाई, असं काहीसं बोललोही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माझ्या दारात हजर! तेच पांढरे बूट. "राग आहे ना अजून? छान. तो घेऊन चला, मऊरानीपुरच्या मंडीत उपयोगी पडेल. माझा आवाज आता तेवढा चढत नाही."

काय सांगू मंडळी! भर मंडीत मी मटारच्या पोत्यांवर उभा राहून ओरडलो. हिंदी संपलं तिथे मराठीत ओरडलो. महेश भैयांना ओळखणारे हमाल, आडते, चहावाले सगळे गोळा झाले. ताई खाली उभ्या राहून प्रत्येकाला स्वच्छ सांगत होत्या, "हे रिंकीच्या इलाजासाठी. शोधवाला डबा हा नाही, तो वेगळा." त्यानंतर रेल्वे कॉलनी झाली, लक्ष्मी गेट झालं, ताईंचे जुने विद्यार्थी झाले. उन्हात फिरून ताईंच्या पायांवर सूज आली. मी बसा म्हटलं की म्हणत, "दोन्ही सारखे सुजलेत, काळजी नको." असली थट्टा त्यांनाच शोभते. पैसे जमले. रिंकी वेळेवर मुंबईला गेली.

औषधं झाली, ऑपरेशन झालं. आजारी हाड काढून धातूचं बसवलं आणि पाय वाचला. पुढे चालायला शिकायचं होतं. डॉक्टरांनी व्यायाम लिहून दिले आणि ताईंनी झाशीतून रोज सकाळी व्हिडिओ कॉल लावून ते करून घेतले. पोरगी रडायची, ताईंना नावं ठेवायची. एकदा तर तिनं फोन उशीखाली दाबून ठेवला. उशीखालून ताईंचा आवाज येतच राहिला, "एक, दो, घुटना सीधा!" शेवटी रिंकीलाच हसू फुटलं, असं पुष्पानं मला सांगितलं. आज रिंकी जरा लंगडत चालते, शाळेत जाते, ठरल्या वेळी तपासणीला मुंबईला जाते. आजवरच्या सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या आहेत.

मुंबईहून परतल्यावर पुष्पा संक्रांतीला ताईंकडे आली. ओटी भरून झाली तरी ती जागची हलेना. मग सगळ्यांसमोर उभी राहिली आणि तिच्या बुंदेलीत बोलायला लागली. "हमने डॉक्टर साहब से पूछी, कौनऊ नई दवा नइयाँ? बोले, बरसों से जेई दवाएँ चल रईं." नवं औषध नाही, वर्षानुवर्षं हीच चालतात, असं डॉक्टर तिला म्हणाले होते. रिंकीच्या शेजारच्या खाटेवर तिच्याच वयाची एक मुलगी होती. तीच औषधं, तसंच ऑपरेशन. ती मुलगी गेली. डोळे पुसून पुष्पा म्हणाली, "दीदी, हमाई मोड़ी तौ पुरानी दवा सें बच गई. बा नईं बची. बाके लाने नई दवा चइए हती." तिची पोर जुन्या औषधानं वाचली, पण त्या दुसरीसाठी नवं औषध हवं होतं. आणि तिनं गाठीला बांधून आणलेली नोट संशोधनाच्या डब्यात टाकली.

मी दारात उभा होतो. मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही. ताईंची मी त्या दिवशी माफीबिफी मागितली नाही. आमच्यात तसलं काही चालत नाही. "चहा टाका," म्हणालो, आणि त्यांनी टाकला.

शरयूताईंना यंदा पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. सत्काराला त्या तयार नव्हत्या. सभागृहाच्या दारात डबा ठेवू दिला तर येते, असं कबूल करून घेऊनच त्यांनी होकार दिला. मुंबईच्या त्या डॉक्टरांनी अलीकडेच कळवलं, की नव्या एका औषधाची लक्षणं बरी दिसतात, पण मुलांपर्यंत पोचायला अजून बरीच वर्षं लागतील. ही बातमी ऐकून ताई माझ्याकडे आल्या. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाल्या, "सदाभाऊजी, माझ्यामागे हा फंड तुम्ही बघा. एक दिवस कुणाची तरी आई येईल, तुमच्या पायाशी बसेल आणि हा पैसा मागेल. तुम्ही तिला नाही म्हणाल ना? आणि नाही म्हणून तिच्यासाठी दुसरा पैसा आणायला उन्हात जाल ना?"

मी खोटं बोललो असतो तर त्यांना बरं वाटलं असतं. पण ताईंशी खोटं बोलता येत नाही. म्हणालो, "उन्हात जाईन. वाटेल तेवढं ओरडेन. पण नाही म्हणायला जमणार नाही मला. मी देऊन टाकेन."

त्या हसून म्हणाल्या, "मग काय, मलाच राहायला हवं."

ताई, सत्काराच्या दिवशी सगळे तुम्हाला दीर्घायुष्य चिंततील, आरोग्य चिंततील. मीही चिंततो. पण माझं त्यात काम अडलेलं आहे. तुमच्यासारखं नाही म्हणता येणारा माणूस आमच्यात अजून तयार झालेला नाही, आणि ते औषध अजून यायचं आहे. तोवर तुम्ही राहाच.